फिरा म्हणेपर्यंत

या फोरमवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण कधी काही लिहिलेलं नाही. विश्वास बसतो म्हणून वाचते असंही नाही. प्रत्येक अनुभवात एक जागा असते जिथे तो फसतो, ती शोधायला मला आवडतं. लाईट गेलेली असते, सांगणाऱ्याची झोप झालेली नसते, कोणीतरी आधीच घाबरवून ठेवलेलं असतं... बहुतेक वेळा मला ती जागा सापडते.

माझ्या स्वतःच्या अनुभवात ती अजून सापडलेली नाही, म्हणून आज लिहायला बसले. नावं देत नाही, गावाचंही नाही. विट्यापासून जवळ, खानापूर तालुक्यातलं लहान गाव आहे, लगेच ओळखतील.

तेव्हा मला सोळा वर्षं पूर्ण झाली होती, दहावीची परीक्षा झाली होती. माझी आई नर्स आहे. मिरजेला शिकली, तिथेच नोकरी केली आणि मग आयर्लंडला डब्लिनमध्ये तिला काम मिळालं. बाबा सैन्यात. त्यामुळे आई तिकडे गेल्यापासून मी गावी आप्पा आणि काकूजवळ राहत होते. आप्पा म्हणजे माझे आजोबा. काका सेलमला असतो, आणि त्याचा मुलगा विकासदादा गावी शेती बघतो.

आईला प्रत्यक्ष बघून दोन वर्षं झाली होती. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण व्हिडिओ कॉलवर आईचा हात लागत नाही. माझा व्हिसा दोनदा अडकला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाबा मला सोडायला येणार होते, आणि ऐन वेळी त्यांची रजा रद्द झाली. तिकीट पुढे ढकलायचं का, यावर फोनवर बरीच चर्चा झाली. शेवटी मीच म्हटलं, मी एकटी जाते. मुंबईहून आखातातल्या एका शहरात, तिथे विमान बदलायचं, आणि तिथून डब्लिन. विमान कंपनीच्या लेखी सोळा वर्षांची मुलगी मोठीच असते.

मी म्हटलं खरं, पण मी दुकानात सुट्टे मागतानासुद्धा लाजणारी मुलगी. शाळा इंग्लिश मिडियम असली तरी अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी तिन्ही भाषांमध्ये बोबडी वळते. विकासदादा त्यावरून सारखा चिडवायचा. "ए इंग्लिश मिडियम, इमानात पाणी कसं मागणार? खुणा करून?"

आप्पा मात्र चिडवायचे नाहीत. ते मुळात बोलायचेच फार कमी. आमच्या भागातली बरीच घरं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यासाठी लोक पार केरळ, तमिळनाडूपर्यंत जातात. आप्पांची उमेदीची सगळी वर्षं सेलमच्या एका बोळात भट्टी आणि तेजाबापुढे गेली. तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुरानं त्यांचा आवाज बसला तो कायमचा. बोलले तर घोगरी कुजबुज ऐकू यायची, हाक मारणं तर शक्यच नव्हतं. डावा गुडघाही गेला होता. चालताना त्यांचं उजवं पायताण कर्र वाजायचं आणि डावं घासत यायचं. कर्र... घस्. कर्र... घस्. आणि त्यांच्या कपड्यांना, कितीही धुतले तरी, कोळसा आणि तेजाबाचा एक आंबूस वास यायचा. धंदा सोडून कैक वर्षं झाली तरी.

लहानपणी शाळेच्या बसपर्यंत ते मला पोचवायला यायचे. नेहमी माझ्या मागून. वाटेत एक फाटा होता, उजवीकडे रस्ता, डावीकडे चिंचेचं झाड. मी चिंचेकडे वळले की ते ओरडू शकायचे नाहीत. नुसते उभे राहायचे. मागचं कर्र-घस् थांबलं की मला कळायचं आपण चुकलो. परत वळले की आवाज सुरू. आम्हा दोघांना त्याची इतकी सवय होती की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणी लांबच्या मुलखाला निघालं की घरातलं एक माणूस त्याला वाटेला लावायला वेशीपर्यंत जातं. जाणारा पुढे, लावणारा मागे. मध्ये वळून बघायचं नाही. वेशीच्या दगडापाशी जाणाऱ्यानं वळायचं, लावणाऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचं, "येतो मी, फिरा आता मागं." मगच लावणाऱ्यानं फिरायचं. त्यानं आपणहून फिरायचं नाही. धंद्यासाठी पोरं जाताना हे अजून पाळतात. मी कितीतरी वेळा बघितलंय, पण तोवर स्वतः कधी केलं नव्हतं.

निघायच्या दिवशी दुपारी आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. त्या दिवशी ते जास्त बोलले.

"गाडी बदलायची जागा वंगाळ असती पोरी. मी पयल्यांदा निघालो तवा तुज्यापेक्षा ल्हान हुतो. गुंतकलला गाडी बदलायची हुती. घर मागं ऱ्हायल्यालं, आन जायचं गाव अजून आल्यालं न्हाई. तितं माणसाचं कुणी म्हंजी कुणीच नसतं बग."

"मग तुमी काय केलंत?" मी विचारलं. आप्पांशी बोलताना मी 'तुमी'च म्हणते.

"काय करनार? रडलो," ते म्हणाले आणि हसले.

काकू आतून ओरडली, "आवं आप्पा, निघायच्या टायमाला काय घाबरीवताय पोरीला! इमानतळ हाय त्ये, गुंतकल न्हवं."

दुपार कलताना निघालो. बॅगा घेऊन दादानं गाडी पुढे वेशीपाशी नेऊन लावली. मी चालत, मागे आप्पा. कर्र-घस् ऐकत मी दगडापर्यंत आले. आता वळायचं आणि म्हणायचं... तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला. हंगामाचे शेवटचे दिवस होते आणि दादानं गाडी अशी लावली होती की त्याला निघता येईना. तो हॉर्नवरचा हात काढेना.

"बस, बस लवकर! मागनं शिव्या घालाय लागलाय त्यो!" दादानं दार उघडून मला जवळजवळ ओढलंच. गाडी निघाली. काचेतून मी बघितलं तर आप्पा दगडापाशी उभे होते. हात अर्धा वर केलेला. मला वाटलं टाटा करतायत. मीही केला.

साताऱ्याच्या जरा अलीकडे चहाला थांबलो. आईनं कंदी पेढे मागितले होते, ते साताऱ्यात घ्यायचे होते. हॉटेलात आम्ही दोघंच एका टेबलावर बसलो, मी आणि समोर दादा. पोऱ्यानं पाण्याचे तीन ग्लास आणून ठेवले. एक दादापुढे, एक माझ्यापुढे, आणि एक माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"तिसरा कुणाला रं?" दादा म्हणाला. "हिच्या सासऱ्याला?"

पोऱ्या खुर्चीकडे बघून नुसता हसला आणि ग्लास उचलून घेऊन गेला. आम्हीही हसलो. यात तसं काही नाही, हे मलाही कळतं. हॉटेलात तीन ग्लास कुणीही ठेवतं.

रात्री पनवेलला आत्याकडे मुक्काम केला. जेवताना दादाला फोन आला. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कुणाचा होता?"

"घरनं, आईचा. म्हैस सुटली हुती," तो म्हणाला आणि खाली मान घालून जेवायला लागला. म्हैस सुटली की दादा तासभर तिला शिव्या घालतो. त्या रात्री काही बोलला नाही. माझ्या लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. मी फार प्रश्न विचारत नाही.

रात्री मी छान झोपले. हे मुद्दाम सांगते, कारण मी स्वतः आधी तेच शोधलं असतं. सकाळी विमानतळावर दादानं ट्रॉली माझ्या हातात दिली, पेढ्यांचा डबा पाठीवरच्या सॅकमध्ये नीट बसलाय का ते दोनदा बघितलं आणि म्हणाला, "जा. तिकडं काकीला म्हणावं, लेक पोचवली. आन आता तरी बोल तुजं इंग्लिश."

मुंबईहून विमान उशिरा सुटलं. मधल्या शहरात उतरलो तेव्हा माझ्या दुसऱ्या विमानाला फार वेळ उरला नव्हता. फोनला नेटवर्क नव्हतं. विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागत होता, आणि ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर. म्हणजे आईला कळवायची काही सोय नव्हती. ती डब्लिनला विमानतळावर येऊन उभी राहणार होती, आणि मी त्या विमानात नसले तर तिला ते कळणारही नव्हतं. माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं — आई उभी आहे आणि मी बाहेर येत नाही.

चौकशीच्या टेबलापाशी मोठी रांग होती. मी दोनदा रांगेत उभी राहिले, दोनदा बाहेर पडले. बोर्डिंग पासवर मुंबईतच गेटचा नंबर छापून दिला होता, तो बघून पाट्यांच्या मागे चालायला लागले. ते विमानतळ म्हणजे आमच्या गावापेक्षा मोठं असेल. लखलखीत फरशी, अत्तराची दुकानं, चाकांच्या बॅगांचा सतत खडखडाट, आणि सगळे जण असे चाललेले की जणू रोज इथे येतात.

त्या खडखडाटात मला मागून ऐकू आलं. कर्र... घस्.

पहिल्यांदा वाटलं कुणाच्या तरी बॅगेचं चाक वाजतंय. मी पुढे गेले. कर्र... घस्. माझ्या चालीच्या वेगानं. मी जरा हळू झाले तर तेही हळू. आणि मग त्या अत्तरांच्या वासातून कोळशाचा आणि तेजाबाचा वास आला. अगदी पुसट... पण तो वास दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही. मी त्या वासात मोठी झालेय.

मी वळून बघितलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त म्हणजे, आप्पा मागे चालत असताना मागे बघायचं नसतं, हे पायांना माहीत होतं.

पुढे हॉल दोन बाजूंना फुटत होता. माझ्या गेटची पाटी डावीकडे होती. मी डावीकडे वळले. चार पावलं गेले असेन, आणि मागचा आवाज थांबला.

बाकी सगळे आवाज चालू होते. बॅगा, बूट, स्पीकरवरची बाई. फक्त तो एक थांबला. मी उभी राहिले. मागून येणारी माणसं मला चुकवून जात होती. हातातला बोर्डिंग पास पुन्हा बघितला, पाटी पुन्हा बघितली. नंबर बरोबर होता. मी स्वतःला म्हटलं, मूर्खपणा करू नकोस, विमान जाईल... आणि पुन्हा दोन पावलं टाकली. मागे शांतता.

मी परत फिरले. खाली मान घालून, कुणाच्याही तोंडाकडे न बघता फाट्यापर्यंत आले आणि उजवीकडे वळले. कर्र... घस्. सुरू.

तिथून पुढे मी पाट्या वाचल्याच नाहीत. खरंच नाही. फक्त कान मागे लावून चालत राहिले. एकदा एका जिन्याकडे वळले तर आवाज थांबला, मी सरळ गेले. मध्ये तो सरकता पट्टा आला, ज्यावर उभं राहिलं की जमीनच आपल्याला पुढे नेते. मी पट्ट्यावर चढले. मागे आवाज थबकला. मला वाटलं पुन्हा चुकले. तेवढ्यात धप्प असं एक बिचकलेलं पाऊल पडलं आणि पाठोपाठ एक खोल श्वास, माझ्या कानाच्या इतका जवळ की मी डोळे मिटून घेतले. पट्टा संपेपर्यंत ते पुन्हा उघडले नाहीत.

शेवटच्या कोपऱ्यावरून वळले तर समोरच्या स्क्रीनवर डब्लिन लिहिलेलं होतं. गेटचा नंबर वेगळाच. आमच्या विमानाचं गेट बदललं होतं. नंतर समजलं की त्याची घोषणा झाली होती, मी ऐकली नव्हती. जवळजवळ सगळे आत गेले होते. काउंटरवर एक बाई होती, आईच्या वयाची असेल, डोक्याला कंपनीची टोपी. तिनं माझा पास घेऊन मशीनवर लावला. हिरवा दिवा लागला. पास परत देता देता तिनं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"अँड द जंटलमन? इज ही नॉट बोर्डिंग?"

मागे कोणी प्रवासी नव्हता. रांगेत मी शेवटची होते, हे मी वळणावरून येताना बघितलं होतं.

आणि माझ्या तोंडून उत्तर निघालं. अडखळत नाही, अगदी सरळ. "नो. ही केम टू ड्रॉप मी."

आता विचार केला की ते वाक्य किती वेड्यासारखं आहे हे कळतं. त्या जागी कोणी कुणाला सोडायला येऊच शकत नाही. तिथे फक्त विमानं बदलणारी माणसं असतात. पण त्या बाईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ती मऊ आवाजात म्हणाली, "देन से युअर गुडबाय, डिअर. वी आर क्लोजिंग."

तेव्हा मला एकदम वेशीचा दगड आठवला. ट्रॅक्टरचा हॉर्न. आप्पांचा अर्धा वर केलेला हात... तो टाटा नव्हता. ते वाट बघत होते. मी म्हटलंच नव्हतं.

मी वळले.

समोर निळं कार्पेट होतं, रिकाम्या खुर्च्यांची ओळ, आणि काचेपलीकडे ऊन. कोणी नव्हतं. मला काहीही दिसलं नाही, हे मी स्पष्ट लिहिते. फक्त तो वास होता, समोरून येणारा. आप्पांचं तोंड जिथे असेल असं वाटलं तिथे बघून, मी, जी चार माणसांत शिंकतानाही लाजते, मोठ्यानं म्हटलं, "येते मी आप्पा. फिरा आता मागं."

एक क्षण काहीच नाही. मग कर्र... घस्. कर्र... घस्. लांब जात जात. मी ऐकत होते, आणि मग का कोण जाणे, मी त्या बाईकडे बघितलं. तिची नजर हळूहळू सरकत होती. खुर्च्यांच्या ओळीवरून, वळणाकडे. जाणाऱ्या माणसाकडे बघत राहावं तशी. वळणापाशी तिची नजर थांबली, आणि ती मला म्हणाली, "हिज लेग सीम्स व्हेरी बॅड. शुड आय कॉल अ व्हीलचेअर फॉर हिम?"

मी मान हलवली आणि विमानाकडे पळाले.

डब्लिनला आई उभी होती. तिनं मला धरलं, तिचा हात केसांतून फिरला, आणि मी इतकी रडले की शेजारून जाणारा एक म्हातारा थांबून बघायला लागला. आईला वाटलं दोन वर्षांचं साठलेलं रडणं आहे. होतंही ते. बाकीचं मी तिला सांगितलं नाही. रात्री गावी फोन लावला. काकू म्हणाली, "आप्पा झोपल्यात. दमल्यात जरा. तू पोचलीस न्हवं? मग झालं." कशानं दमले, ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सुट्टीत मी गावी गेले. बाबा रजेवर डब्लिनला आले होते आणि येताना मी त्यांच्याबरोबर होते. विकासदादानं आम्हाला आणलं. वेशीपाशी आल्यावर त्यानं गाडीचा वेग कमी केला आणि दगडाकडे बोट दाखवलं.

"तुला सांगितलं न्हाई कुणी. हितं बसलं हुतं म्हातारं, तू गेलीस तवा."

"बसले होते म्हणजे?"

"म्हंजी बसूनच. आपुन निघालो आन ह्ये दगडावर बसलं. सांजच्याला आई बोलवाय आली तर उठंना. डोळं उगडं, पर हाकंला ओ देईनात. बगतच न्हवतं कुणाकडं. पनवेलला फोन आल्ता त्यो त्याचाच."

"म्हैस सुटलेली," मी म्हटलं.

"कसली म्हैस! विट्याचा डाक्टर आणला. बीपी ठीक, नाडी ठीक. म्हणला, मिरजंला न्या. चौघांनी उचलाय बगितलं, तर गड्या, हाडाचं पिंजर झाल्यालं म्हातारं ते, उचलंना. आईनं रातभर वाकळ घालून, शेजारी बसून काढली. मी तुला सोडून परत आलो, तरी तसंच. निम्मं गाव गोळा झाल्यालं. आन दुपार टळल्यावर एकदम आपलं आपण उठलं. म्हणलं, 'फिरा म्हणली.' बास. आन चाललं घराकडं."

बाबा पुढच्या सीटवर बसले होते. त्यांना हे माहीत होतं. "तुला परत बोलवायचं का, हे मी त्या रात्री ठरवायचं होतं," ते म्हणाले. "तुझी आई तिकडे वाट बघत होती. मी म्हटलं, जाऊ द्या तिला."

"आन पायाचं सांग की काका," दादा बाबांना म्हणाला. पण मग त्यानंच सांगितलं. घरी आल्यावर काकूनं आप्पांचे पाय धुतले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आले होते. दगडावर रात्रंदिवस बसलेल्या माणसाच्या तळव्यांना.

दुपार टळल्यावर म्हणजे नक्की कधी, हे मी दादाला फिरवून फिरवून विचारलं. दोन देशांच्या वेळांतला फरक धरून हिशोब केला. तो जुळतो. न जुळता तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी आप्पांजवळ बसले. मग मी म्हटलं, "आप्पा, तुमी तिकडं आलावता का?"

ते सुपारी कातरत होते. वर न बघता त्यांच्या त्या घोगऱ्या कुजबुजीत म्हणाले, "ती चालती जमीन लय वंगाळ गं पोरी. पडलो असतो."

सरकता पट्टा त्यांनी दादाच्या मोबाईलवर बघितला असेल. दादा त्यांना काय काय दाखवत असतो. गेटवरच्या बाईनं आणखी कुणाला तरी बघितलं असेल, जो मला दिसला नाही. वास आणि आवाज मला भीतीनं भासले असतील, आणि उजवीकडचं वळण नशिबानं बरोबर निघालं असेल. फोडांचं डॉक्टर सांगू शकतील. हे सगळं सुटं सुटं मी मान्य करते. एकत्र मान्य करायला गेले की जमत नाही. इथल्या कुणाला ती जागा सापडली, जिथे माझा अनुभव फसतो, तर खरंच सांगा. मला ती हवी आहे.

त्या वर्षी परत निघताना मात्र मी दादाला गाडी दगडाच्या बरीच पुढे लावायला लावली. चालत आले. दगडापाशी वळले, आप्पांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "येते मी. फिरा आता मागं." ते हसले, मान डोलावली आणि फिरले. मी त्यांची पाठ घराच्या वळणाआड होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

बाबा थेट त्यांच्या युनिटला गेले होते, त्यामुळे प्रवास पुन्हा एकटीचाच. तेच शहर, तेच विमानतळ. या वेळी फोन चालू होता, गेट माहीत होतं, वेळही भरपूर होता. तो हॉल जिथे दोन बाजूंना फुटतो तिथे आले आणि पाय आपोआप थांबले. मी कान मागे लावले. बॅगांची चाकं, बुटांचे आवाज, स्पीकरवरची बाई. अत्तराचा वास.

बाकी काही नाही. आप्पा घरी होते.

मी पाटी वाचली आणि उजवीकडे वळले.